पाण्याचं चित्र कसं काढायचं? चला कुंडलला!

मुलांनो, आधी एक छोटंसं काम करा. चित्रकलेची वही उघडा आणि पाण्याचं चित्र काढा. नदीचं नको, समुद्राचं नको, नुसत्या पाण्याचं!

काय केलंत? शंभरातल्या नव्वद जणांनी निळा खडू उचलला असेल आणि वेड्यावाकड्या चार रेघा ओढल्या असतील. होय ना? आता स्वयंपाकघरात जा, एका पेल्यात पाणी घ्या आणि नीट पाहा. कुठे आहे निळा रंग? कुठे आहेत लाटा? पेल्यात पाणी पेल्याच्या आकाराचं, तांब्यात तांब्याच्या आकाराचं. खूप खोल पाण्याला अगदी फिकी निळसर छटा असते खरी, आणि तळ्यात निळं आभाळही उतरतं. पण आपल्या पेल्यातल्या पाण्याला ना रंग, ना आकार.

मग ज्याला रंग नाही आणि आकार नाही, त्याचं चित्र काढायचं तरी कसं? हा प्रश्न मोठमोठ्या चित्रकारांनाही पडतो, बरं का! याचं उत्तर शोधायला आज आपण सांगली जिल्ह्यातल्या एका गावाला जाऊ या. गावाचं नाव कुंडल.

डोंगराच्या पायथ्याचं गाव

कुंडल हे पलूस तालुक्यातलं गाव. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेनं निघालात की वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वी याच स्टेशनाचं नाव ‘कुंडल रोड’ असं होतं. तिथून कुंडल अगदी जवळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षांचे मांडव आणि समोर डोंगर.

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात क्रांतिसिंह नाना पाटील आणि साताऱ्याचं प्रतिसरकार यांच्याबद्दल आलंच असेल. १९४३ पासून काही काळ इथल्या गावागावांत इंग्रजांना न जुमानता लोकांनी आपला कारभार आपणच चालवला. त्या प्रतिसरकारच्या ‘तुफान सेने’चे एक प्रमुख नेते जी. डी. बापू लाड हे या कुंडलचेच. इथलं कुस्त्यांचं मैदानही नावाजलेलं आहे. पण आज आपण ना लढाई पाहायला आलोय, ना कुस्ती. आपण आलोय पाणी पाहायला. तेव्हा चला, डोंगराकडे वळू या.

झरी : पाणी झिरपतं ती गुहा

कुंडल हे जैन धर्मीयांचं जुनं तीर्थक्षेत्र आहे. गावात कलिकुंड पार्श्वनाथांचं मंदिर आहे, डोंगरात झरी पार्श्वनाथ आणि डोंगरावर गिरी पार्श्वनाथ. यातलं ‘झरी’ हे नाव कशावरून आलं असेल, ओळखा पाहू! अगदी बरोबर, झऱ्यावरून. इथल्या गुहेत वरच्या खडकातून पाणी झिरपतं आणि थेंब थेंब करत मूर्तीवर पडतं. एरवी देवाला अभिषेक माणसं घालतात. इथे तो डोंगरच घालतो!

पण दगडातून पाणी येतं कसं? आपला हा सगळा मुलूख बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि त्याचे थरांवर थर साचले. यातले काही थर घट्ट, तर काही भेगाळलेले आणि स्पंजासारखे भोकं असलेले. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस भेगांमधून खाली मुरतो. खाली घट्ट थर लागला की त्याची वाट अडते. मग तो आडवा सरकत सरकत डोंगराच्या कुशीत जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतो. म्हणजे पाऊस थांबल्यावरही डोंगर आपल्याकडचं पाणी हळूहळू सोडत राहतो. एखाद्या काटकसरी आजीसारखा!

गुहेत शिरलात की घाई करू नका. हे पूजेचं ठिकाण आहे, तेव्हा चपला बाहेर, आवाज हळू आणि फोटो काढण्याआधी विचारायचं. ओल्या दगडावरून पाय घसरतो, म्हणून जपून. मग स्वस्थ उभे राहा आणि एका थेंबाकडे लक्ष द्या. आधी खडकाला नुसती ओल दिसते. मग तिथे एक चमकता टिपका येतो. तो फुगतो, लांबतो, क्षणभर लोंबतो आणि टप्प!

आता सांगा, इथे पाणी कशामुळे दिसलं? थेंबाला तर रंग नव्हता. ते दिसलं काळ्या दगडामुळे. कोरडा दगड राखाडी, ओला दगड काळाभोर आणि चकचकीत. पाण्यानं दगड बदलला आणि दगडानं पाणी दाखवलं. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा हाच. पाणी काढता येत नसेल, तर पाण्यानं ज्याला स्पर्श केला ते काढा.

रंग न दिसणारा चित्रकार

आता डोंगर उतरून किर्लोस्करवाडीकडे वळू या. तिथे एका गंमतीदार माणसाची गोष्ट दडलेली आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. हात उत्तम, रेघ पक्की. पण थोड्याच काळात एक गोष्ट लक्षात आली. काही रंगांच्या छटा त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नव्हत्या! चित्रकार व्हायला निघालेल्या मुलावर केवढा हा आघात!

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला रंग कशाला हवेत? ते यांत्रिक आरेखन शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेत शिकवूही लागले. नंतर बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा त्यांच्या मदतीला धावून आले औंधचे राजे.

तेव्हा कुंडल औंध संस्थानात होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. हे संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता; औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे लांब लांब विखुरलेले तुकडे होते. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून तुमच्या आजोबांना ते नक्की माहीत असतील. हे राजे स्वतः चित्रकार होते! त्यांनी १९३८ साली औंधला टेकडीवर उभारलेलं संग्रहालय आजही पाहायला मिळतं. राजा रवि वर्मांची चित्रं तिथे आहेत, आणि हेन्‍री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्पही आहे.

या चित्रकार राजानं १९१० साली रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं आणि सापांचं रान! पाण्याचीही वानवाच. तिथे लक्ष्मणरावांनी कारखाना आणि कामगारांचं गाव वसवलं. तेच किर्लोस्करवाडी.

या कारखान्यात १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. तोवर विहिरीतलं पाणी काढायचं ते मोटेनं. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा-सोंदूर ताणायचे आणि चामड्याची मोट भरून वर यायची. पंपात काय असतं? आत वक्र पात्यांचं एक चाक गरगर फिरतं. ते पाणी बाहेरच्या बाजूला फेकतं. मध्ये दाब कमी होतो आणि खालचं पाणी वर खेचलं जातं. आता त्या पात्यांचा आकार डोळ्यांसमोर आणा. पाणी ज्या वाटेनं सहज वळेल, तसाच त्यांचा वाक. म्हणजे पंपाचं पातं हे एका अर्थी पाण्याच्या चालीचं चित्रच आहे, नाही का? लोखंडात काढलेलं आणि एकही रंग न वापरता!

इथे महापूर, तिथे टँकर

पण मुलांनो, पाण्याचं चित्र म्हणजे नुसती गंमत नव्हे. या सांगली जिल्ह्यात राहणाऱ्यांना ते चांगलं माहीत आहे.

कुंडलच्या आसपास कृष्णाकाठ हिरवागार. पण तिथून पूर्वेला निघालात की जसजसे आटपाडी, कवठे महांकाळ, जतकडे जाल, तसा पाऊस कमी कमी होत जातो. म्हणून ताकारी आणि म्हैसाळ इथून कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी भागाकडे नेलं जातं. नदी वाहते खाली, आणि माणसं तिला डोंगरावर चढवतात!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा याच जिल्ह्यातल्या मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून पाणी पाठवलं. पहिल्या गाडीत होतं सुमारे ५ लाख लिटर. पाण्याची आगगाडी! आणि तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच मिरजेच्या शेजारची सांगली महापुरात बुडाली. पलूस तालुक्यातल्या भिलवडी, ब्रह्मनाळ या गावांना पाण्यानं वेढलं. ब्रह्मनाळला तर पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली आणि कितीतरी माणसं दगावली.

एकाच जिल्ह्यात पाण्यासाठी डोळ्यांत पाणी, आणि पाण्यामुळेही डोळ्यांत पाणी. मग सांगा, चार निळ्या रेघांमध्ये हे सगळं कसं मावणार?

चित्रकारांनी काय युक्त्या काढल्या?

आता आजच्या काळातले चित्रकार काय करतात ते पाहू. इथे आपल्याला कुंडलमधून थोडं लांब जावं लागेल.

पहिली युक्ती आहे जिव्या सोमा मशे यांची. हे डहाणूकडचे प्रसिद्ध वारली चित्रकार, पद्मश्री मिळालेले. २०१८ साली ते वारले. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि मातीत चित्रं काढूनच मनातलं सांगायचे, अशी त्यांची गोष्ट सांगतात. पांढऱ्या रंगानं त्यांनी मासे पकडण्याच्या जाळ्याची चित्रं काढली. हजारो बारीक रेघांचं जाळं सगळ्या चित्रभर पसरलेलं. निळ्या रंगाचा ठिपका नाही, तरी पाहताना वाटतं की हे जाळं पाण्यात झुलतंय. कुंडलच्या गुहेत दगडानं पाणी दाखवलं, इथे जाळ्यानं!

दुसरी युक्ती नवज्योत अल्ताफ यांची. लक्ष्मणराव ज्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच यांचंही शिक्षण झालं. त्या गेल्या छत्तीसगडमधल्या बस्तरला. तिथे बायका-मुली हातपंपावर पाणी भरायला यायच्या. सभोवती चिखल, आणि भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर उचलायची. १५ लिटरची घागर म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन १५ किलो! नवज्योत आणि तिथल्या आदिवासी कलाकारांनी गावकऱ्यांशी बोलून हातपंपाभोवती सुंदर जागा बांधल्या. त्यांना ‘नलपार’ म्हणतात. भिंतींवर नक्षी आणि चिन्हं आहेत. शिवाय घागर आधी एका उंचीवर, मग आणखी वर ठेवता येईल असे कट्टे आहेत, म्हणजे ती डोक्यावर घेताना कंबर मोडत नाही. सांडलेलं पाणी वाहून खड्ड्यात मुरावं, अशी सोयही केलेली आहे.

तुम्ही म्हणाल, ‘ही काय कला झाली? हे तर बांधकाम!’ जरा थांबा. त्या जागेकडे पाहिलं की पाणी कोण आणतं, किती ओझं वाहतं, हे तुम्हाला दिसतं की नाही? चित्राचं काम तरी दुसरं काय असतं?

तिसरी युक्ती चालण्याची! दिल्लीचे कलाकार अतुल भल्ला २००७ साली यमुनेच्या काठाकाठानं दिल्लीतून चालत गेले आणि वाटेत फोटो काढत राहिले. शहरात शिरताना नदी कशी असते आणि बाहेर पडताना तिचं काय झालेलं असतं, हे त्यांनी पायांनी मोजलं आणि कॅमेऱ्यानं दाखवलं.

आणि चौथी युक्ती ऐकाल तर थक्क व्हाल. ओलाफुर एलिआसन या कलाकारानं पाण्याचं चित्र काढलंच नाही, पाणीच आणून ठेवलं! डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला हवामान बदलावर जगातल्या देशांची परिषद भरली होती. त्या वेळी त्यानं ग्रीनलंडजवळ समुद्रात तरंगणारे बर्फाचे १२ प्रचंड तुकडे आणले आणि शहरातल्या एका चौकात घड्याळातल्या आकड्यांसारखे गोल मांडले. लोक येऊन त्या बर्फाला हात लावायचे, कान लावून वितळण्याचा आवाज ऐकायचे. लहान मुलं त्याला मिठी मारायची. हळूहळू सगळा बर्फ वितळून गेला. ‘वेळ निघून चाललीय’ हे त्या घड्याळानं एकही शब्द न बोलता सांगितलं.

पुलावरचे आकडे

आता परत सांगली जिल्ह्यात येऊ. सांगली शहरात कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तिथे नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सगळं शहर एकमेकांना विचारत असतं, ‘आयर्विनला किती?’ २०१९ साली ती पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती.

पूर ओसरला की घराघरांच्या भिंतींवर गढूळ पाण्याची एक आडवी रेघ राहते. रेघेच्या वरची भिंत जुन्या रंगाची, खालची मातकट. ती रेघ कुणा चित्रकारानं काढलेली नसते. नदीनं स्वतःच काढलेली असते. काही जण ती पुसून टाकतात. काही जण तिथे खूण करून साल लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी सामान किती उंच ठेवायचं ते कळतं. अशी खूण नातवंडांना सावध करते. आपण पाहिलेल्या चित्रांमध्ये हे चित्र सगळ्यांत साधं आहे, पण माणसाचा जीव वाचवण्याची ताकद त्यात आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर जुळवू या. गुहेत दगड होता, किर्लोस्करवाडीत पातं, वारली चित्रात जाळं, बस्तरला घागर आणि सांगलीला भिंतीवरची रेघ. प्रत्येक ठिकाणी पाण्याशेजारी कुणीतरी होतं. पाण्याचं चांगलं चित्र काढायचं, तर पाण्याच्या शेजारी कोण उभं आहे, हे आधी पाहायला हवं.

करून पाहा

१. ओला कागद, कोरडा कागद : दोन जाड कागद घ्या. एक पाण्यानं ओला करा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्हींवर जलरंगाचा एकेक थेंब टाका. कोरड्यावर थेंब जागीच राहील, ओल्यावर तो पसरत जाईल. या चित्रात तुम्ही फक्त थेंब टाकलात, बाकीचं पाण्यानं काढलं!

२. निळा खडू कपाटात : आठवडाभर निळा रंग न वापरता पाणी काढायचा प्रयत्न करा. ओली फरशी, पेल्यात वाकडा दिसणारा चमचा, नळाखालची बादली, छत्रीवरून निथळणारे थेंब, काहीही चालेल.

३. आजीची भांडी : आजीला किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध आजोबांना विचारा, ‘१९७२ च्या दुष्काळात पाणी कुठून आणत होतात? कशातून आणत होतात?’ घागर, कळशी, हंडा, रांजण, चरवी, मोट, जे जे सांगतील त्याचं चित्र काढा. खाली ते भांडं कोण उचलायचं आणि किती लांबून आणायचं, ते लिहा.

४. गावाची रेघ : तुमच्या गावात पुराची खूण कुठे आहे का? किंवा उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कुठवर जातं, याची? मोठ्या माणसाला बरोबर घेऊन शोधा. विहिरीच्या काठावर किंवा नदीजवळ एकट्यानं मुळीच जायचं नाही!

आई-बाबांसाठी : कुंडल, किर्लोस्करवाडी परिसर आणि औंधचं संग्रहालय अशी दोन दिवसांची सहल छान होते. औंधला जाण्याआधी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्या. पावसाळा सरता सरता गेलात तर डोंगर हिरवा असतो, फक्त मुलांना पकड असलेल्या चपला द्या. सहलीहून आल्यावर मुलानं पाण्याचं चित्र तपकिरी किंवा काळ्या रंगात काढलं, तर ‘पाणी असं असतं का?’ म्हणून रागावू नका. आधी त्याला विचारा, ‘काय पाहिलंस, सांग बरं!’